सेल्फ घेत नाही? की-सेट बदलण्याआधी मीटर लावा

चावी फिरवली आणि सेल्फने (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरने) दाद दिली नाही, की पहिला संशय जातो की-सेटवर, म्हणजे चावीच्या स्विचवर. दुकानातून नवा की-सेट येतो, वायरमन डॅशबोर्डखाली डोकं घालतो, गाडी चालू होते आणि थोड्या दिवसांत रडगाणं पुन्हा सुरू. टाटाची बारा-दहा, लेलँडची कॉमेट, सुरुवातीच्या ४०७ अशा जुन्या गाड्यांत की-सेट खराब होतो हे खरंच आहे. पण तो कशामुळे जळला हे न शोधता नवा बसवला, तर त्या नव्याचीही वाट लागते. मूळ दोष बहुधा दुसरीकडेच असतो: गंजलेल्या अर्थमध्ये (करंट चासीतून बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीत), पिळून टेप मारलेल्या जोडात, किंवा जास्तीचा करंट की-सेटमधूनच ओढणाऱ्या वायरिंगमध्ये.

आधी एक गोष्ट पक्की करू. डिझेल गाडीत चावीचं काम पेट्रोल गाडीपेक्षा फार कमी असतं. कॉइल नाही, ठिणगी नाही. मेकॅनिकल पंपाची जुनी गाडी एकदा चालू झाली की चावी काढून खिशात टाकली तरी चालूच राहते. बंद होते ती स्टॉपची दांडी ओढल्यावर. त्यामुळे ‘चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही’ ही अशा गाडीत तक्रारच नाही. त्रास होतो तो उलट्या बाजूने. ड्रायव्हर स्टॉप ओढून उतरतो आणि चावी चालूच राहते. डॅशबोर्डवरचे मीटर, चार्जिंगचा दिवा, अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं) फील्ड वाइंडिंग हे सगळं रात्रभर बॅटरी पीत बसतं आणि सकाळी आळ येतो की-सेटवर. नंतरच्या ज्या गाड्यांत पंपावर स्टॉप सोलेनॉइड (करंटवर चालणारा, डिझेल बंद करणारा खटका) आहे, तिथे मात्र चावी आणि इंजिन बंद होणं यांचा थेट संबंध असतो. आपली गाडी यातली कोणती, हे पंपाकडे बघून आधी ठरवा.

की-सेटच्या मागे आकडे कोरलेले असतात. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता, आणि टाटाच्या जुन्या गाड्यांत आजही जर्मन पद्धतीचेच आकडे सापडतात. ३० म्हणजे बॅटरीचा थेट प्लस, चावी असो वा नसो. १५ म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा करंट. ५० म्हणजे सेल्फच्या सोलेनॉइडकडे (सेल्फवर बसलेल्या विद्युत-चुंबकी स्विचकडे) जाणारी वायर. ३१ म्हणजे अर्थ. इंग्लंडच्या लुकास कंपनीच्या पद्धतीच्या की-सेटवर आकड्यांऐवजी बीएटी, आयजीएन, एसटी अशी अक्षरं दिसतील, काम तेच. पुष्कळ जुन्या गाड्यांत चावी वेगळी आणि सेल्फचं बटण वेगळं असतं. तिथे चावीतून १५ निघतो, पुढे बटणाला जातो आणि बटणातून ५०. म्हणजे तपासायचे स्विच एक नाही, दोन.

वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीची वायरिंग दोन-तीनदा तरी बदललेली असते आणि त्या दिवशी दुकानात जो रंग होता तोच लागलेला असतो. लाल वायर अर्थला आणि काळी प्लसला, असलेही नमुने भेटतात. मीटर लावून वायर शोधायची, टोकाला कागदी टेप गुंडाळायची, त्यावर आकडा लिहायचा आणि मगच की-सेट सोडायचा.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मीटर, २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, ४ स्क्वेअर एमएमची, दोन मीटर लांबीची जाड वायर आणि पॉलिश पेपर. टेस्ट लॅम्पला मी मीटरइतकाच मान देतो. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरचा एकच तार शिल्लक राहिलेला असला तरी तो आरामात १२.५ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. सडका जोड तिथेच उघडा पडतो आणि बल्ब लालसर मिणमिणतो. २४ व्होल्टच्या गाडीला बल्बही २४ चाच घ्या.

कामाला लागण्याआधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला पुढून-मागून ओट (अडसर). स्टॉपची दांडी ओढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पकडणार नाही. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. डॅशबोर्ड उघडायच्या आधी बॅटरीची मायनस सोडा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना चासीला लागला तर वेल्डिंग झालंच समजा.

पहिली तपासणी बॅटरीची. रात्रभर उभ्या गाडीत १२ व्होल्टची चांगली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ म्हणजे संपलेली. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीच्या शिशाच्या पोलवर धरा, क्लँपवर नाही. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली गेली तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. एकीत १२.६ आणि दुसरीत १२.१ असेल तर डॅशबोर्डचा नाद सोडा, टेप रेकॉर्डरची वायर शोधा. २४ व्होल्टच्या गाडीत एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून टेप, पंखा, देवाचे दिवे लावायची आपल्याकडे पद्धतच आहे. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. मधून १२ व्होल्ट काढू नका, २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

आता अर्थ. माझ्या मते निम्म्याहून अधिक ‘इग्निशनचे’ दोष इथेच असतात, आणि आपल्या गाड्यांत त्याला एक खास कारण आहे. पुष्कळ जुन्या ट्रकची केबिन कारखान्यातून येत नसे, बॉडीवाला बांधून देत असे. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, खाली रबर. डॅशबोर्ड त्या लाकडाला स्क्रूने मारलेला. त्याला चासीचा अर्थ मिळणार कुठून? एखाद्या स्क्रूमधून, एखाद्या गंजलेल्या पट्टीतून कसाबसा मिळतो. मीटर उगाच हलतात, इंडिकेटर दिला की ऑइलचा दिवा मिणमिणतो, हॉर्न वाजवला की काटे खाली येतात, ही सगळी त्याचीच लक्षणं. मीटर बोर्डपासून चासीपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र अर्थ वायर टाका, चासीवरचा रंग खरवडून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसा आणि वरून ग्रीस लावा.

इंजिनचा अर्थ त्याहून महत्त्वाचा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून चासी ते इंजिन अशी एक जाड विणलेली पट्टी लागते. क्लचचं काम करताना ती काढतात आणि परत लावायची राहून जाते. मग सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटरची नाहीतर स्टॉपची केबल पकडतो. सेल्फ मारल्यावर स्टॉपची केबल हाताला गरम लागली तर बाकी सगळं थांबवा, आधी ती पट्टी शोधा. मोजायचं असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर, आणि सेल्फ मारा. १२ व्होल्टच्या गाडीत ०.२ पर्यंत उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर काम काढा.

आवाजही बरंच सांगतो. काहीच आवाज नाही आणि दिवेही मंद होत नाहीत, तर ५० ची वायर सोलेनॉइडपर्यंत करंट नेत नाही; दोष की-सेट, बटण किंवा मधल्या वायरमध्ये. एकच ठणठणीत ‘ठक’ आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइड ओढला गेला, पण आतले मोठे पॉइंट जळलेत, मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत किंवा जाड केबल सैल आहे. ‘कट-कट-कट-कट’ अशी मशीनगन लागली तर बॅटरी उतरलेली, नाहीतर सोलेनॉइडचं धरून ठेवणारं वाइंडिंग तुटलेलं. सोलेनॉइडमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक ओढणारं आणि एक धरणारं. ओढणारं मोटरमधून अर्थ घेतं आणि मुख्य पॉइंट चिकटले की त्याचं काम संपतं. तेव्हा धरणारं मेलेलं असेल तर प्लंजर मागे येतो, पॉइंट सुटतात, पुन्हा ओढला जातो. तिसऱ्या आणि दुसऱ्या प्रकारात की-सेटचा काही संबंध नाही, तरी बदलला जातो तोच.

पहिल्या प्रकारात मात्र की-सेट आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, त्यामुळे आता त्याची चौकशी. डॅशबोर्ड उघडून झाला की मायनस तपासणीपुरती परत जोडा. टेस्ट लॅम्पची एक तार पक्क्या अर्थला, दुसरी ३० वर. चावी नसताना पूर्ण उजेड हवा. नसेल तर दोष की-सेटच्या आधी आहे: बॅटरीकडून येणारी वायर, सेल्फच्या मोठ्या बोल्टवरचं थिंबल, अँमीटर (करंट दाखवणारा डॅशबोर्डवरचा मीटर) असेल तर त्याचे नट. जुन्या गाडीत सगळा करंट त्या अँमीटरमधून येतो आणि त्याच्या मागचे नट सैल झाले की गाडी खड्ड्यात आपटल्यावर सगळंच बंद पडतं. ३० वर उजेड ठीक असेल तर चावी पहिल्या टप्प्यावर करून १५ पाहा, मग सेल्फच्या टप्प्यावर ५० पाहा. प्रत्येक वेळी उजेड सारखाच हवा.

उजेडातला बारीक फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून पुढची पायरी मीटरची. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, एक तार ३० वर, दुसरी ५० वर. चावी न फिरवता तो पूर्ण बॅटरी व्होल्ट दाखवेल. दचकू नका, स्विच उघडा आहे म्हणून दाखवतो. आता सेल्फ मारा आणि आकडा वाचा. ०.३ च्या आत असेल तर की-सेट चांगला आहे, त्याला हात लावू नका. एक-दीड व्होल्ट दिसला तर आतले पॉइंट जळलेत. हिशोब सोपा आहे: १२ व्होल्टच्या ट्रकचा सोलेनॉइड ओढताना क्षणभर सहज ४० अँपिअर घेतो. पॉइंटवर ०.०५ ओहमचा अडथळा आला की चाळीस गुणिले ०.०५, म्हणजे २ व्होल्ट तिथेच खलास. ते २ व्होल्ट उष्णता होऊन की-सेटचं बेकेलाइट भाजतात. मागची बाजू तपकिरी पडलेली, टर्मिनलभोवती प्लास्टिक वितळलेलं, हे त्याचंच चिन्ह.

की-सेट चांगला निघाला तर हीच मोजणी पुढे न्या. बॅटरीचा प्लस पोल ते सोलेनॉइडचं ५०: एक व्होल्टच्या आत चालेल, दीडच्या वर नाही. बॅटरीचा प्लस ते सेल्फचा मोठा बोल्ट: ०.५ च्या आत. आकडा कुठल्या दोन ठिकाणांमध्ये उडी मारतो ते पाहत गेलं की दोषाची जागा वीतभर पट्ट्यात सापडते. २४ व्होल्टच्या गाडीत करंट साधारण निम्मा असतो, त्यामुळे थोडी सूट मिळते. म्हणून २४ च्या गाड्यांत हा रोग उशिरा कळतो.

खानदेशात याला उन्हाची जोड आहे. सकाळी टकाटक सेल्फ घेणारी गाडी रावेर-सावद्याला केळी भरून दुपारी निघताना हू की चू करत नाही, संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा घेते. भूत वगैरे काही नाही. तांब्याचा अडथळा प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, त्यात नुकतंच बंद केलेलं इंजिन. सोलेनॉइड सकाळपेक्षा ६० अंशांनी तापला तर त्याच्या वाइंडिंगचा अडथळा जवळपास पाव पट वाढतो आणि ओढ कमी होते. सकाळी दीड व्होल्टची गळती निभावून जात होती, दुपारी तीच नडते. त्यामुळे अशा गाडीची मोजणी थंड असताना करू नका. तापलेली असताना, ती अडून बसलेली असतानाच मीटर लावा. सेल्फवर ओलं फडकं टाकून गाडी चालू करायची युक्ती हायवेवर चालते, पण तो इलाज नाही.

खरा इलाज म्हणजे रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच). सोलेनॉइडचा ४० अँपिअर चावीतून न्यायची मुळात गरजच नाही. चार पायांचा रिले घ्या, गाडीच्या व्होल्टचा. साध्या स्टार्टरला ४० अँपिअरचा पुरतो, मोठ्या स्टार्टरला ७० चा. की-सेटच्या ५० वरची जुनी वायर रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला. रिलेच्या ३० ला बॅटरीकडून ४ स्क्वेअर एमएमची नवी वायर, बॅटरीपासून फूटभरात ४० अँपिअरच्या फ्यूजसह, आणि ८७ वरून तशीच जाड वायर सोलेनॉइडच्या ५० ला. ७० चा रिले असेल तर वायर ६ ची आणि फ्यूज ६० चा. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, म्हणजे चावीवरचा भार चाळीसवरून पाव अँपिअरच्या आत येतो. अर्धा जळलेला की-सेटही यावर वर्षानुवर्षं चालतो. रिले केबिनच्या आत, पाय खाली करून बसवा. सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर प्रेशरचं पाणी इंजिनकडून येतं आणि पाय वर असले की आत साचतं.

सेल्फ अडकून राहण्याचा प्रकार धोक्याचा. गाडी चालू झाली, चावी सोडली, तरी सेल्फ घरघरत फिरतोय. लगेच थांबवला नाही तर बॅटरीची केबल तापून पेटू शकते, म्हणून जुन्या गाडीला बॅटरीजवळ कटऑफ स्विच हवाच. कटऑफ करताना इंजिनही स्टॉप ओढून बंद करा. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी तोडली की व्होल्ट उसळतो आणि डायोड जातात. नंतर सोलेनॉइडवरची ५० ची बारीक वायर काढून ठेवा आणि कटऑफ क्षणभर जोडून पाहा. तरीही सेल्फ फिरला तर सोलेनॉइडचे पॉइंट वेल्ड झालेत. न फिरला तर की-सेटचं स्प्रिंग मेलंय किंवा रिले चिकटलाय. पॉइंट वेल्ड होतात ते बहुधा उतरलेल्या बॅटरीवर वारंवार सेल्फ मारल्याने. ती ‘कट-कट’ ऐकू आली की हात काढा, भो.

चार्जिंगचा दिवा चावीच्या १५ वरच असतो, म्हणून थोडं त्याचं. चावी चालू, इंजिन बंद, तर दिवा लागलाच पाहिजे. नसेल तर अल्टरनेटरवरची डी प्लसची (दिव्याकडून येणारी) बारीक वायर काढून बॉडीला टेकवा. बॅटरीकडे जाणारी जाड बी प्लस चुकूनही नाही. दिवा लागला तर दोष अल्टरनेटरच्या कार्बनमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये, नाही लागला तर बल्ब किंवा वायर. हा दोन-तीन वॅटचा बल्ब नुसता इशारा देत नाही, त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच होत नाही आणि बॅटरी उतरते. आणि चावी काढल्यावरही दिवा मंद जळत राहिला, तर की-सेटच्या मागे न लागता अल्टरनेटरचे डायोड बघा.

वायर बदलायची वेळ आली तर घरगुती एकतारी वायर वापरू नका, ती थरथरीने मोडते. गाडीची बहुतारी वायर घ्या: बॅटरी ते की-सेट ४ स्क्वेअर एमएम, १५ पासून फ्यूज बॉक्सपर्यंत २.५, मीटर आणि दिव्यांना १ पुरे. जोड पिळून टेप मारलेला नको. इकडच्या उन्हात टेपचा डिंक वितळून सुटतो आणि त्यावर काळी धूळ बसते. थिंबल दाबून बसवा, वर स्लीव्ह तापवून आवळा. नुसतं रांगा (सोल्डर) ओतून केलेला जोड कडक होतो आणि त्याच्या लगतच वायर तुटते. पत्र्याच्या भोकातून जाईल तिथे रबराचं ग्रोमेट. जुन्या गाडीत ३० च्या वायरला बहुधा फ्यूजच नसतो. बॅटरीजवळ ३० अँपिअरचा टाका, नाहीतर ग्रोमेट झिजल्या दिवशी डॅशबोर्ड पेटेल. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, तेव्हा सीटखालचा भाग हाताने चाचपून बघा.

सगळं जोडून झाल्यावर चावी बंद, दिवे बंद, दारं बंद, आणि मग मायनस. ती लावण्याआधी मीटर १० अँपिअरच्या रेंजवर करून मायनस पोल आणि सुटलेली केबल यांच्या मध्ये धरा. अशा वेळी कुणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेला. इलेक्ट्रॉनिक काही नसलेल्या जुन्या ट्रकमध्ये आकडा जवळपास शून्य यायला हवा. ०.०५ च्या वर गेला तर एकेक फ्यूज काढत चला. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येतो, ती लाइन धरा. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली आला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, आणि तोवर मायनस लावू नका.